शिवणीची आगबोट

मला नकला येतात. फुशारकी नाही मारत, दुसरं काही येत नाही म्हणून सांगतो. हेडमास्तरांचं शिंकणं, मामलेदारांचं "हं, पुढे" म्हणणं, खाडीतून भरतीबरोबर वर येणाऱ्या पडावाच्या तांडेलाची आरोळी, सगळं जमतं. सातवीत असताना हेडमास्तर वर्गाबाहेर उभे आहेत हे न बघता मी त्यांची शिंक काढली. त्यांनी आत येऊन छड्या मारल्या, आणि मारताना त्यांना खरीच शिंक आली. वर्ग हसला, म्हणून मला दोन छड्या जास्त पडल्या.

शाळेपायी मी महाडला मामाकडे राहायला आलो आणि शाळा संपली तरी परत गेलो नाही. मामा बंदरावरचा सुतार. पडाव, मचवे किनाऱ्यावर ओढून घ्यायचे, कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, फटीत कापूस ठासून वर राळ भरायची, हे त्याचं काम. आयुष्यभर तो भोकं बुजवत आला. बोलायचा कमी. त्याचा मुलगा, माझा मामेभाऊ, त्याच्याहून कमी बोलायचा. मी त्याला दादा म्हणायचो. दोघं दिवसभर एकाच पडावावर काम करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मामीला सांगायला एक गोष्ट नसायची. म्हणून मामीला मी आवडायचो. "मेल्या, तू हायस म्हणून घरात माणसं हायत असं वाटतं," म्हणायची.

दादा मुंबईला गेला आणि तिथून मोठ्या आगबोटीवर लागला. कोळशाच्या कामावर. तीन वर्षांत त्याची अकरा पत्रं आली. मामामामीला वाचता येत नव्हतं, तेव्हा वाचणारा मी.

आता पत्रात काय असायचं? "मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. काम बरं आहे. ऊन फार आहे. आईस नमस्कार." बस. पहिलं पत्र वाचायला घेतलं तेव्हा मामी पदराला हात पुसत चुलीपासून उठून आली, समोर बसली, आणि माझ्या तोंडाकडे असं बघायला लागली की मला ते चार शब्द वाचवेनात. मग मी दादाचा आवाज काढला. तो जरा नाकात बोलायचा आणि वाक्याच्या शेवटी दम सोडायचा. मी तसाच दम सोडत वाचलं, आणि वाचता वाचता भर घातली. "आई, माझ्या उशाशी गोल खिडकी हाय. रात्री पडल्या पडल्या पाणी दिसतं. मासे उडतात." मामी हसली, मग रडली, मग म्हणाली, "परत वाच." परत वाचताना मी आणखी दोन मासे उडवले.

अकराच्या अकरा पत्रं अशीच वाचली. खिडकी तर मी इतकी वाढवली की तिच्यातून बेटं दिसायची, दुसऱ्या आगबोटींचे दिवे दिसायचे. मामी पाणवठ्यावर बायकांना सांगायची, "आमच्याच्या उशाशी खिडकी हाय गो."

मग एके दिवशी बाराव्या पत्राऐवजी एक माणूस आला. दादाबरोबर त्याच आगबोटीवर कोळसा ओढणारा खलाशी, खाली खाडीकाठच्या गावातला. त्याच्या डोक्यावर दादाची पत्र्याची ट्रंक होती. अंगणात ट्रंक ठेवून तो उभाच राहिला. मामा म्हणाला, "बस, भाई." तो बसला नाही. दादाला ताप आला, चार दिवस होता, पाचव्या दिवशी गेला. जमीन जवळ नव्हती. कापडात शिवून, पायाशी लोखंड बांधून पाण्यात दिला. एवढं सांगून तो आला तसा निघून गेला, पाणीसुद्धा प्यायला नाही.

मामी रडली नाही, हे सगळ्यांना वाईट वाटलं. भावकी जमली. देह नाही, तेव्हा दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा आणि दिवस धरायचे, असं जाणत्यांनी सांगितलं. मामी आतून म्हणाली, "गवत जाळायचं तर जाळा. माझा पोर त्याच्यात नाय."

"मग हाय कुठं?" एक म्हातारा बोलला.

"तेच विचारते मी. कुठं होता माझा पोर? कुठं झोपायचा, कुठं मेला? मला जागा दाखवा. मग तुमचं काय ते करा."

त्या दिवसापासून ती ताटात वाढून घ्यायची आणि ताट तसंच उचलायची. मी हेडमास्तर काढला, मामलेदार काढला, काही उपयोग नाही. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "त्याचं पत्र वाच." आणि मी खिडकी वाचायचो.

आठवडा गेला. हातापायांच्या काड्या दिसायला लागल्या तिच्या. भावकीतले रोज येऊन मामाला बोलायचे, की क्रिया नाही तर पोर तिकडे अधांतरी आणि बायको इकडे. शेवटी मामा एका सकाळी म्हणाला, "जागा दाखवतो तुला. आगबोट करून दाखवतो. लाकडाची." मामी पहिल्यांदा नीट बघून म्हणाली, "आत बघता यायला हवं. आणि खिडकी विसरू नका."

पण मामानं आगबोट जवळून बघितली कुठे होती? त्याला पडाव ठाऊक. म्हणून आम्ही दोघं ओहोटीबरोबर एका होडीतून खाली त्या खलाशाच्या गावी गेलो. त्यानं अंगणात कोळशानं आगबोट काढली, आणि लांबी विचारली तर म्हणाला, "टोकापासून टोकापर्यंत माझी एकशे साठ पावलं. कामाला जाताना मोजायचो मी, झोप येऊ नये म्हणून." मामानं त्याला अंगणात चालायला लावलं आणि पाऊल मोजलं. पावणेदोन हात. म्हणजे आगबोट दोनशे ऐंशी हात. मामा मनातल्या मनात हिशोब करत राहिला आणि मग विचारलं, "आणि पोर झोपायचा कुठं?"

खलाशानं कोळशानं काढलेल्या आगबोटीच्या पोटात, पुढच्या बाजूला, अगदी तळाशी पाय ठेवला. "इथं. आम्ही कोळसेवाले सगळे इथं. खाली."

"आणि खिडकी?"

"कसली खिडकी?"

"उशाशी. गोल."

"चाचा, ती जागा पाण्याच्या खाली. तिथं खिडकी ठेवली तर आगबोट राहील का?" खलाशी हसला, आणि हसू नये हे कळून पाय मागे घेतला.

मामानं माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी कुणाचीच नक्कल आठवेना, स्वतःचीसुद्धा.

परत येताना भरती होती. दासगाव मागे पडलं. मग पाण्याकडे बघतच मामा म्हणाला, "तीन वर्षं?"

"हो."

"समदं?"

"मधलं मधलं."

"ती आज जिती हाय ती त्या खिडकीवर हाय," तो म्हणाला. "आता तिला सांगू नको." त्यानं मला एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. मामाला तेही येत नव्हतं.

आगबोट केवढी करायची यावर तीन दिवस गेले. मामा म्हणाला, आधी माणूस करू, मग त्याच्या मापानं आगबोट. त्यानं दोन हात लांबीचा हिशोब धरला आणि त्या मापाचा माणूस चिमटीत आणून मामीसमोर ठेवला. भाताच्या दाण्याहून जरासा मोठा. मामी म्हणाली, "हा माझा पोर? हा कोंबडी टिपून जाईल." मग मामानं करंगळीपेक्षा मोठा, चांगला नाकडोळे काढता येतील असा माणूस केला. तो मामीला पटला. पण त्या माणसाची आगबोट बारा-तेरा हात होत होती, आणि आमची पडवी पाच हातांची. मी म्हटलं, "भिंत पाडू, मामा, आणि आपणच आगबोटीत राहायला जाऊ." कुणी हसलं नाही. मामा पडवीत गज घेऊन उभा राहिला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "चार हात. सत्तर हाताला एक हात. माणूस अंगठ्याच्या पेराएवढा." मामीनं स्वतःच्या अंगठ्याचं पेर बघितलं. खूप वेळ बघितलं. "चालंल," म्हणाली.

मग लाकूड. बंदरावर सागाचे तुकडे पडलेले होते, मामानं एक तासून बघितला आणि टाकून दिला. सागाची रेघ मोठी. मोठ्या पडावावर ती शोभते, पण चार हातांच्या आगबोटीवर एकेक रेघ फळीएवढी दिसते आणि डोळा फसतो. आंबा जवळ होता, मऊ होता, फुकट होता. मामानं आंब्याची फळी पडवीत आणली तशी मामी आतून धावत आली. "आंबा घरात नको. आंबा सरणाला लागतो." मामानं फळी उचलली आणि मुकाट्यानं बाहेर नेऊन ठेवली. खरं तर मला तेव्हा कळलं की दादा गेला हे मामीला पुरतं कळलेलं होतं. न कळलेल्याला सरण कशाला आठवेल?

"शिवण हवी," मामा म्हणाला. शिवण हलकी, वाकत नाही, तडकत नाही, आणि रेघ इतकी बारीक की असून नसल्यासारखी. ती मामीच्या माहेरी, पोलादपूरच्या वर आंबेनळीच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत होती. मी एकटा गेलो. मोटार पोलादपूरपर्यंत, पुढे चढ. मामीच्या भावाकडे माळ्यावर शिवणीचा ओंडका चार वर्षं धुरात सुकत ठेवला होता, वाडीच्या पालखीच्या ढोलासाठी. सगळ्या वाडीनं वर्गणी काढून घेतलेला. मी कसं मागू या विचारात चहाचा पेला फिरवत बसलो, तोच तो म्हणाला, "ताईनं खाल्लं का काय?" मी म्हटलं, "नाही." तो शिडी लावून माळ्यावर चढला. खाली ओंडका देताना एवढंच म्हणाला, "ढोल काय, पुढल्या साली वाजंल."

उतरताना ओंडका माझ्या डोक्यावर, वाडीतली पोरं मागे. "ए, त्या मोटारीचा आवाज काढ ना!" मी काढला. घाट चढताना मोटार कशी दम खाते, तसा. पोरं लोळली. आणि दम सोडताना मधेच दादाचा आवाज निघाला माझ्या तोंडून, तो वाक्याच्या शेवटी सोडायचा तसा. मी ओंडका खाली ठेवला आणि रस्त्याच्या कडेला बसलो. पोरांना वाटलं हीसुद्धा नक्कल आहे.

महिनाभर मामानं बंदराचं काम घेतलं नाही. कणा घातला, बरगड्या उभ्या केल्या, एका बाजूला फळ्या मारल्या, आणि दुसरी बाजू उघडी ठेवली, आत बघता यावं म्हणून. धुराडं कळकाच्या, म्हणजे जाड बांबूच्या, पेराचं. कठडे नारळाच्या झावळीतल्या हिरांचे. शिड्या, भट्टी, कोळशाची खोली. खलाशानं पाय ठेवला होता नेमक्या त्या जागी, पुढे, तळाशी, फळ्यांचे बिछाने, एकावर एक. मामी रोज येऊन बघायची. दिवसागणिक तिच्या ताटातला घासभर भात कमी व्हायला लागला, म्हणजे ती खायला लागली. त्याचीच मला भीती वाटायची.

"खिडकी?" ती विचारायची.

"शेवटी," मामा म्हणायचा.

शेवटी आलंच. आगबोट पुरी झाली आणि रंगाची गोष्ट निघाली. खलाशानं सांगितलं होतं, वर काळी आणि पाण्याखाली लाल. मामानं काजळी खलली, गेरू खलला. मी मामी पाण्याला गेलेली बघून त्याच्याजवळ बसलो. "मामा, रंग नको."

"का?"

"लाल कुठून लागतो हे दिसलं की पाणी कुठवर येतं हे दिसेल. आणि त्याचा बिछाना लालात आहे."

मामा कितीतरी वेळ ब्रशाचे केस उपटत बसला. "बिनरंगाचं तारू म्हंजे नुसतं लाकूड," म्हणाला. पण गेरूची वाटी बाजूला सरकवली. त्यानं उंडीचं तेल घेतलं, चिंधीनं आगबोटीला चोळलं, वाळवलं, परत चोळलं. तेलाचे तीन हात दिले. शिवण मधासारखी दिसायला लागली. वरपासून खालपर्यंत एकच रंग, पाणी कुठेच नाही.

मग त्यानं गिरमिट घेतलं. फळी मारलेल्या बाजूनं, तळाच्या बिछान्याच्या उशाशी, टोक टेकवलं. मी त्याचे हात बघत होतो. तीस वर्षं पाण्याखालची भोकं बुजवणारे हात. त्यानं एकदा गिरमिट उचललं, पुन्हा टेकवलं, आणि माझ्याकडे न बघता फिरवलं. बारीक भुगा पडला. मसुराएवढी गोल खिडकी झाली.

दुपारी मामी आली. तिनं पदर खोचला आणि आगबोटीसमोर मांडी घालून बसली. उघड्या बाजूनं आत बघितलं, बिछाना बघितला, पेराएवढा माणूस उचलून त्याच्यावर निजवला. मग पलीकडे जाऊन वाकून खिडकीला डोळा लावला. ती हसली. मला वाटलं, सुटलो.

मग ती मागे सरकली आणि पूर्ण आगबोट बघायला लागली. मी विसरलो होतो, आणि मामाही विसरला होता, की ती पंचवीस वर्षं तारवाच्या सुताराची बायको होती. किनाऱ्यावर मामाची भाकरी घेऊन जाणारी, वर ओढलेले पडाव रोज बघणारी.

"आवो," ती म्हणाली, "पाणी कुठवर येतं हिला?"

मामा तेलाची चिंधी पिळायला लागला.

"एवढी जड. कोळसा भरलेली." तिनं हात आडवा धरला आणि आगबोटीच्या अंगावर वर वर नेत गेली, आणि जिथं थांबवला तिथं अगदी बरोबर थांबवला. खिडकी हाताच्या खाली चार बोटं होती. ती हाताकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. "मग ही खिडकी कशी?"

"मामी," मी म्हटलं, "खिडकी नव्हती. ती मी घातली. पत्रात नव्हती."

तिनं मान वळवली. शिवी देईल असं वाटलं. तिनं दादाच्या ट्रंकेकडे हात दाखवला, पत्रं आता त्या ट्रंकेतच ठेवलेली होती. "पत्रं काढ. तुझ्या आवाजात वाच. जे हाय तेवढंच."

मी वाचली. मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. काम बरं आहे. ऊन फार आहे. आईस नमस्कार. दुसरं. मी खुशाल आहे. पाऊस पडला का. आईस नमस्कार. पान लावून तोंडात टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात अकरा पत्रं संपली.

"एवढंच?"

"एवढंच."

"असाच बोलायचा तो," मामी म्हणाली. "घरात तरी कधी दोन शब्द जास्त बोलला? मेल्या, तीन वर्षं मी तुझंच ऐकत होते रे. त्याचं एक पत्र मला ऐकू दिलं नाहीस तू."

आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं. मी उठून जायला निघालो तर मामानं मनगट धरून बसवलं. तिथंच बसून ऐकायला लागलं मला. त्या रडण्यासारखं मी आजवर काही ऐकलेलं नाही, आणि ते कुणाला करून दाखवायचं माझं धाडस होणार नाही.

रडणं थांबल्यावर तिनं नाक पुसलं आणि मामाला म्हणाली, "ते भोक बुजवा. पाणी शिरंल."

मामानं शिवणीचीच बारीक मेख तासली, कापसाचा धागा गुंडाळला, राळेत बुडवली आणि ठोकली. वरून रंधा फिरवला. मग त्यानं गेरूची वाटी परत ओढली, सूत भिजवलं आणि एक टोक आगबोटीच्या शेपटीशी धरलं. दुसरं टोक मी घ्यायला पुढे झालो. "तू नको," मामी म्हणाली. तिनं स्वतः घेतलं, पुढच्या टोकाला, बिछान्याच्या वर. मामानं मधेच सूत उचलून सोडलं. शिवणीवर लाल रेघ उठली. मामीचा हात हलला होता, तेव्हा तिच्या बाजूला रेघ जरा वर चढली, आगबोटीचं नाक पाण्यात झुकल्यासारखी. केसाएवढी चूक असली तरी पुसून परत मारणारा मामा त्या रेघेकडे बघत राहिला, मग ब्रश घेतला आणि तिच्या खालून लाल भरायला लागला.

मामी त्याच्या हाताकडे बघत होती. माणूस अजून आत निजलेला होता. लाल त्याच्या जागेच्या वरपर्यंत भरत आला तेव्हा ती मला म्हणाली, "जा. भावकीला सांग, उद्या या. दर्भ पण घेऊन या म्हणावं."

मी गेलो. पहिल्याच घरी म्हातारा ओसरीवर बसला होता. मी निरोप सांगितला. तो म्हणाला, "खरं सांगतोस का नक्कल करतोस?"

"खरं," मी म्हटलं, आणि पुढच्या घरी गेलो.